मलिद्यातलं तूप

"शैलजाताई, हे शेवटचं पान तेवढं वाचून द्याल का?" असं म्हणत तिर्झाने लाल कापडात शिवलेली वही माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. जुन्या कागदाजवळ चहा असू नये एवढंही या मुलीला कळत नाही, असं माझ्या मनात आलं. खरं तर चहा माझा होता. मी कप उचलून लांब ठेवला आणि हात पुसले.

"कोणती वही ही?"

"पणजीची. आत्याने पाठवली. काल पार्सल आलं."

ती कधी पाहिली नव्हती, तरी कोणती असणार हे मी ओळखलं होतं. पण विचारलं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जर्मनीच्या दक्षिणेला एका लहान गावात, जुन्या शाळेच्या इमारतीत ज्यू-अभ्यासाचं एक केंद्र होतं. दरवर्षी ते आठ अभ्यासकांना वर्षभर राहायला बोलावत. खोली, जेवण, ग्रंथालय सगळं त्यांचं. आपण फक्त आपलं संशोधन करायचं. त्या वर्षीच्या आठांत दोघी महाराष्ट्रातल्या निघाल्या. एक मी, पुण्याची शैलजा दातार. दुसरी ठाण्याची तिर्झा नागावकर, वय एकतीस, बेने इस्रायल. म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहून मराठीच बोलणाऱ्या ज्यूंपैकी.

त्या लोकांत पूर्वी मराठीतून कीर्तनं होत. साक्या, दिंड्या, पदं सगळं आपल्यासारखं, कथा मात्र त्यांच्या धर्मग्रंथातल्या. त्या कीर्तनांवर मी आयुष्याची बारा वर्षं घातली होती. चाळिशीत हिब्रू शिकले. मोडी तर आधीच येत होती. रेवदंड्याच्या हन्नोक मास्तर नावाच्या माणसाने त्यातली उत्तम पदं रचली असं मी एका जाडजूड पुस्तकात सिद्ध केलं होतं, आणि त्या पुस्तकाच्या जोरावर मला इथे बोलावलं होतं.

तिर्झाला कशाच्या जोरावर बोलावलं, हे मला पहिल्या शुक्रवारी कळलं. संध्याकाळी मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना झाली, आणि कोणीतरी तिला म्हणालं, तुमच्याकडचं काहीतरी म्हणा. तिने हन्नोक मास्तरांचं पद म्हटलं. डोळे मिटून, घरात म्हणतात तसं, जरा बेसूरच. मी ते पद शंभरदा वाचलं होतं, पण चाल कधी ऐकली नव्हती. एक अमेरिकन प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मला त्या पदाचे तीन पाठभेद तोंडपाठ होते. ते कोणी विचारले नाहीत.

मी जळत होते. याला दुसरा सभ्य शब्द मला सापडलेला नाही. ती टेबलाशी आली की माझी भूक मरायची. तिच्या निबंधातल्या इंग्रजीच्या चुका मी मनातल्या मनात मोजत बसायची. तिला माझा राग यावा म्हणून मी तुटकपणे बोलायची, तर ती "ताई, तुम्हाला बरं नाहीये का?" असं विचारून आल्याचा चहा करून आणायची.

आणि आता ही वही. त्याच्या नऊ वर्षं आधी याच वहीसाठी मी ठाण्याला फ्लोराबाई नागावकरांच्या, म्हणजे तिर्झाच्या आत्याच्या दारात उभी होते. त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "वही आहे. पण घरची आहे बाई. बाहेर नाही देत कोणाला." मी दोनदा विनवलं. त्यांनी दोनदा सरबत वाढलं. वही काही निघाली नाही.

मी शेवटचं पान उघडलं. अकरा ओळी, लपेटीच्या मोडीत. मला चार ओळींतच सगळं कळलं.

पान हन्नोक मास्तरांच्याच हातचं होतं. ही पदं माझी नाहीत, असं ते सांगत होते. ती रिबका नागावकर या बाईने रचली, मी फक्त लिहून घेतली. रिबका म्हणजे तिर्झाची पणजी.

माझं पुस्तक त्या अकरा ओळींत संपलं होतं.

"काय आहे ताई? पणजीचं काही आहे का?" तिर्झा खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसली. तिला मोडीतलं एक अक्षर येत नव्हतं. त्या केंद्रात मोडी वाचू शकणारी मी एकटी.

जूनअखेर आठांपैकी एकाला आणखी एक वर्ष मिळणार होतं, आणि त्याचं पुस्तक केंद्र स्वतः इंग्रजीत काढणार होतं. माझं वय एकोणपन्नास. पुण्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, ते सोडून आले होते. परत गेल्यावर घ्यायला कोणी बसलं नव्हतं. मला ते वर्ष हवं होतं, इतकं की त्याची स्वप्नं पडायची.

"साहित्य आहे," मी म्हटलं.

"कसलं?"

"मलिद्याचं."

मलिदा म्हणजे त्यांचा गोड प्रसाद. नवस फेडताना, नव्या घरात जाताना, लग्नाआधी ते एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. मला दुसरं काहीही सुचू शकलं असतं. हे सुचलं.

"खरंच?" ती टाळी वाजवायचीच बाकी होती. "वाचा ना."

मी पानावर बोट ठेवलं आणि ओळीमागून ओळ सरकवत गेले. "पोहे सव्वा शेर. खोबरं दोन नारळांचं. साखर सव्वा पाव. वेलदोडे. बेदाणे. केळी. साजूक तूप, सव्वा पाव."

"तूप?"

"साजूक तूप. स्पष्ट आहे."

"पण ताई, आमच्यात मलिद्यात तूप नसतं."

तिथे मला मागे फिरता आलं असतं. परत बघते, चुकलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला त्या 'आमच्यात'चा राग आला.

"आता नसेल," मी म्हटलं. "तेव्हा असेल. मी वाचते ते लिहिलेलं वाचते, तिर्झा."

तिने वही छातीशी धरली आणि माझ्या गालाचा पापा घेऊन ती पळाली.

जिना चढताना मला माझी चूक कळली. ते लोक मांसाबरोबर दुधातुपाचं काही खात नाहीत. मलिद्याच्या मागोमाग पंगतीला मटण असतं, म्हणून गोडात नारळाचं दूध घालतात, तूप नाही. हे मी माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि तरी खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात आलं ते आमच्या आईचं, सत्यनारायणाच्या शिऱ्याचं. सव्वा, सव्वा, सव्वा, आणि तूप. बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरात डोकावून मी होते तिथेच होते.

तीन आठवड्यांनी चिठ्ठ्या निघाल्या. त्या केंद्राची एक पद्धत होती. बुधवारच्या सभेत आपला निबंध आपण मांडायचा नाही. सुपाच्या मोठ्या भांड्यात आठ नावं टाकत, आणि ज्याच्या हाती जे नाव येईल त्याने त्याचा निबंध मांडायचा, तोही लेखकापेक्षा चांगला. लेखकाने समोर बसून ऐकायचं. मांडणाऱ्याचं संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

माझ्या हाती तिर्झा आली.

"वा!" संचालिका योहाना फाइस्ट म्हणाल्या. पासष्टीच्या, बुटक्या, मनापासून हसणाऱ्या बाई. "एकाच भाषेच्या दोघी. याहून चांगली चिठ्ठी निघालीच नसती."

निबंध वाचला आणि मी पलंगावर बसून राहिले. सबंध निबंध त्या पानावर उभा होता. मलिद्याचं इतकं जुनं लिखित साहित्य कुठेच मिळत नाही, असं तिने लिहिलं होतं. त्यात तूप आहे, अर्थात पणजीच्या काळी मलिद्यानंतर मांस नव्हतं. म्हणजे मलिदा हा पूर्वी पंगतीपासून वेगळा, स्वतंत्र विधी होता. एका सव्वा पाव तुपावर तिने केवढी इमारत रचली होती! आणि खाली टीप: "मोडी वाचन डॉ. शैलजा दातार. त्या नसत्या तर हे पान मुकंच राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी जेवताना योहाना माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मी संचालक झाल्यापासून इतका सुंदर निबंध इथे आला नव्हता. तुमचाही त्यात वाटा आहे हो."

म्हणजे ते वर्ष तिला मिळणार होतं. माझ्या तुपावर. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी आणखी बटाटे वाढून घेतले.

मग मला उपाय सुचला. सभेत निबंध मांडताना त्या पानाशी थांबायचं आणि म्हणायचं: माझं वाचन घाईत झालं, अक्षर संशयास्पद आहे, दुसऱ्या जाणकाराचं मत आल्याशिवाय यावर काही उभारणं धाडसाचं ठरेल. बस. निबंध आडवा. मी प्रामाणिक, सावध अभ्यासक. दुसऱ्या जाणकाराचं मत यायला सप्टेंबर उजाडला असता, आणि मला ते फक्त जूनपर्यंतच लांबवायला हवं होतं. मी ती तीन वाक्यं इंग्रजीत लिहून पाठ केली.

बुधवारी सकाळी नाश्त्याला खाली गेले तर स्वयंपाकघरात तिर्झा एकटीच सफरचंदं चिरत होती. फोन ओट्यावर उभा केलेला, आवाज मोठा.

"तूप? मलिद्यात?" पलीकडून फ्लोराबाई म्हणत होत्या. "कोण म्हणतं?"

"लिहून ठेवलंय आत्या. पणजीच्या वहीत. त्या पुण्याच्या शैलजाताई आहेत ना, त्यांनी वाचलं."

"अगं पण मी आठ वर्षांची असल्यापासून पोहे मीच धुवायची. आई खोबरं खवायची. नंतर मटण असायचं, तूप घालतील कसं? आईने एकदासुद्धा घातलं नाही."

"तेव्हा मटण नसेलच आत्या. तेच तर मी सिद्ध केलंय."

 पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"असेल बाई," फ्लोराबाई म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. आईचंच चुकलं असेल मग. तिची सासू लवकर गेली, ती तरी कोणाला विचारणार? जन्मभर चुकीचाच केला म्हणायचा."

"चुकीचा नाही गं आत्या. वेगळा."

"या रविवारी सॅम्सनच्या नव्या घराचा मलिदा आहे. घालू का थोडं तूप? हन्नाबीच्या नावाचं आहे, नीट झालेलं बरं. मटण नको मग. वांगं-बटाटा करीन."

"घाल की. पणजीच्या पद्धतीने होऊ दे." तिर्झाने वर पाहिलं. "आत्या, ताई आल्यात बघ. बोल त्यांच्याशी."

तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर फ्लोराबाईंचं अर्धं कपाळ आणि पांढरे केस दिसत होते. नऊ वर्षांत त्या खूप थकल्या होत्या.

"बाई, ओळखलं का? तुम्ही आला होता घरी. मी वही दाखवली नाही तेव्हा."

"आठवतंय ना."

"मनात ठेवू नका हं. तेव्हा वाटलं, बाहेरचं माणूस, काय सांगावं. पण शेवटी तुम्हीच वाचलीत, बरं झालं. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं आमचं."

"नाही हो," मी म्हटलं, "मनात कशाला ठेवीन?"

सभा दुपारी दोनला. लांब टेबल, आम्ही आठ जण आणि योहाना, पाण्याच्या बाटल्या. तिर्झा माझ्या बरोबर समोर, हातात पेन्सिल, ओठ घट्ट मिटलेले. नियम म्हणजे नियम. ती मला बघून हसली.

मी मांडायला लागले आणि सांगायला हरकत नाही, फार चांगलं मांडलं. मलिद्याला पदं कुठे म्हणत, कोण म्हणत, बायका दाराआडून कशा साथ देत, सगळं. तिला जे इंग्रजीत नीट सांगता आलं नव्हतं ते मी सांगितलं. योहाना माना डोलावत होत्या. मग पडद्यावर ते पान आलं. अकरा ओळी, फूटभर मोठी अक्षरं.

माझी तीन वाक्यं तयार होती. पहिल्या वाक्याचा पहिला शब्द मी उच्चारलाही. आणि मला त्या कुकरची शिट्टी आठवली. माझ्या तीन वाक्यांनी निबंध पडला असता, पण रविवारच्या मलिद्यात तूप पडायचं राहिलं नसतं. सत्तर वर्षं आईने केलं ते चूक, हे त्या बाईंच्या मनातून कोणी काढलं असतं?

मी पडद्याजवळ गेले आणि पहिल्या ओळीखाली बोट धरून मोठ्याने मराठीत वाचलं.

"ही पदे रिबका भ्रतार सामुएल नागावकर इणे आपले बुद्धीने रचिली. मी हन्नोक, लिहून मात्र घेतली. लोक मजला कवी म्हणतात, ते खोटे. तिचे नाव वर घालू नये असे तिचेच सांगणे, सबब येथे मागे लिहितो. कोणी वाचील तेव्हा वाचील."

खोलीत मराठी कळणारी दोनच माणसं होती. बाकीचे सात जण भाषांतराची वाट बघत नम्रपणे बसले होते. तिर्झाच्या हातातली पेन्सिल टेबलावर आडवी झाली.

"तूप नाही, तिर्झा," मी मराठीतच म्हटलं. "कधीच नव्हतं. मी त्या दिवशी खोटं वाचलं."

तिला बोलायची परवानगीच नव्हती. नुसती बघत राहिली, आणि ते बघणं मला आजही नको वाटतं.

तेव्हासुद्धा मला सुटता आलं असतं. इंग्रजीत काहीही सांगितलं असतं तरी त्या सात जणांना खरं वाटलं असतं. मी ओळींचं भाषांतर सांगितलं. मग म्हटलं, "या पानावर कोणतंही साहित्य नाही. हन्नोक मास्तर कवी नव्हते. माझं पुस्तक चूक आहे."

"म्हणजे तुमचं वाचन चुकलं होतं?" योहानांनी विचारलं. त्यांना मला दार उघडून द्यायचं होतं, हे मला दिसत होतं.

"नाही. पहिल्याच दिवशी बरोबर वाचलं होतं. सांगितलं खोटं."

अमेरिकन प्राध्यापकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात काही लपवण्यासारखं उरलेलं नाही. मला त्याच आठवड्यात खोली सोडावी लागली. पुण्याला आल्यावर मी प्रकाशकाला पत्र लिहून पुस्तक मागे घेतलं. ते वर्ष तिर्झाला मिळालं, रिबकाबाईंवरच्या पुस्तकासाठी. ते पुस्तक माझ्याकडे आहे. तिने पाठवलं नाही, मी विकत घेतलं. मोडी वाचनाच्या टिपेत माझं नाव आहे, खोडलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या खोलीतलं.  योहाना घसा साफ करून म्हणाल्या, "तिर्झा, मांडणी संपली. आता तुम्ही बोलू शकता."

तिर्झा उठली. ती मला काहीतरी बोलेल, थोबाडीतसुद्धा मारेल असं वाटलं, आणि मला ते चाललं असतं. तिने पिशवीतून फोन काढला. तिथेच, सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या लावला.

"आत्या? पोहे आणलेस का रविवारचे?... हो, सांगते, आधी ऐक. तूप घालू नको. ... नाही, लिहिलेलं नव्हतं. काही नव्हतं लिहिलेलं. तुझी आई बरोबर होती. ... हो गं. तूच बरोबर होतीस."

पणजीचं नाव तिने घेतलंच नाही. ते नंतर. आधी तूप.

फोनमधून फ्लोराबाईंचा बारीक आवाज खोलीभर ऐकू आला. "मी म्हटलं होतं ना! म्हटलं नव्हतं का मी?" आणि त्या हसायला लागल्या. तिर्झाही रडत रडत हसायला लागली.

मी पडद्याशी उभी होते. सव्वा पाव तूप हे आमच्या आईचं प्रमाण बरोबर होतं की माझ्याच डोक्यातलं, ते मला आता आठवत नव्हतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या हाताखाली शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिर्झाच्या हातातल्या फोनकडे बघत होते, आणि एवढं सगळं करून झाल्यावरसुद्धा मला तिचा हेवाच वाटत होता.